तीच गाडी कशावरून?

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर बदनापूर लागतं. तिथून पश्चिमेला निघालं की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत येते, आणि तिथे २००१पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. पूर्वेला निघालं की जालना, म्हणजे पोलादाच्या भट्ट्या. देशभरातून आलेलं भंगार इथे वितळतं आणि सळई होऊन बांधकामांवर जातं. बदनापूरच्या एका अंगाला गाड्या तयार होतात, दुसऱ्या अंगाला गाड्यांचं पाणी होतं, आणि मधलं अंतर तासाभराचंसुद्धा नाही.

जालन्याची भट्टी पाहण्यासारखी असते. तिच्यात जाळ नसतो. तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट धावणारी वीज सोडतात, तिच्या चुंबकी क्षेत्रामुळे आतल्या भंगारातच प्रवाह फिरू लागतात आणि लोखंड स्वतःच्याच अंगातल्या विजेने तापत जातं. १५३८ अंश सेल्सिअसला लोखंड वितळतं. भट्टी त्याच्याही पुढे, १६०० अंशांच्या आसपास नेतात. त्या रसात कुठला दरवाजा कुणाच्या गाडीचा, हे मग कुणालाच सांगता येत नाही. (वायरिंगमधलं तांबं मात्र रसात एकदा मिसळलं की साध्या शुद्धीकरणाने निघत नाही. लोखंडाला तेवढी एक खोड राहते.)

म्हणून मला नवल वाटतं ते याच रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या जुन्या, पण जिवापाड जपलेल्या गाडीचं. वजनावर विकली तर तिचे काही हजार रुपये येतील. पण योग्य गिऱ्हाईक भेटलं तर ते कित्येक पटींनी पैसे मोजून जातं. लोखंड तर दोन्हीकडे तेवढंच. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

उदाहरण शेंद्र्याचंच घेऊ. २००४ साली स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. दिसायला चार दारांची घरगुती सेडान, डिकी एवढी मोठी की लग्नाचा बस्ता मावावा. कट्टर शौकीन तिला स्पोर्ट्स कार म्हणायला तयार होणार नाहीत. पण बॉनेटखाली १७८१ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, चार सिलिंडरना मिळून वीस व्हॉल्व्ह, आणि ताकद १५० अश्वशक्ती. त्या काळी घरोघरी असलेल्या मारुती ८००ची ताकद होती ३७. टर्बोची गंमत अशी की सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूरच एक छोटं चक्र फिरवतो, मिनिटाला लाखाच्या घरात फेरे, आणि ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं. २००४मध्ये बारावीला असलेल्या ज्या पोराने ही गाडी रस्त्यावर पाहून मान वळवली, तो आज चाळिशीच्या आसपास आहे आणि हातात पैसे आहेत. अशा गाडीची किंमत पंधरा-वीस वर्षं घसरत जाते आणि एके दिवशी घसरायची थांबते, ती बऱ्याचदा याच पोरामुळे. पण तोवर तिच्या बहुतेक बहिणी भंगारात गेलेल्या असतात. ज्या उरल्या, त्यातल्याही अर्ध्याअधिक कुणीतरी चाकं, सायलेन्सर, रंग बदलून ‘सजवलेल्या’. कंपनीतून आली तशी उरलेली गाडी विरळा, आणि गिऱ्हाईक शोधत असतं ती हीच.

बदनापूरकरांना हे समजावून सांगायला नको. गावात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११ ही पांढऱ्या दाण्याची तूर तिथलीच. बाजारातली तूर आणि प्रमाणित बियाण्याची तूर शेजारी ठेवली तर दाणा सारखाच दिसतो; भाव मिळतो तो पिशवीला शिवलेल्या टॅगचा, म्हणजे हा दाणा कुठून कसा आला याच्या लेखी हमीचा. जपलेल्या गाडीचा सौदाही असाच होतो. पत्रा दिसतो, पण पैसे मोजले जातात ते इतिहासाचे.

हा इतिहास किती मोलाचा, याचा निकाल एकदा लंडनच्या उच्च न्यायालयात लागला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९९०मध्ये तिच्या मालकाने ती एका कंपनीला खासगीत विकायला काढली, सौदा ठरला एक कोटी पौंडांना. मग खरेदीदाराने पाय मागे घेतला. त्याचं म्हणणं, ही ती गाडीच नाही. आणि त्याच्या म्हणण्यात दम होता. शर्यतीची गाडी ती, दर हंगामात काहीतरी मोडायचं आणि बदललं जायचं. चॅसिस बदलली, इंजिन बदललं, पुढे बॉडीही बदलली. १९२९मध्ये धावलेल्या गाडीचं म्हणावं असं तिच्यात जवळपास काहीच उरलं नव्हतं. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही विक्रेत्याच्या बाजूने कौल दिला. ही गाडी मध्ये कधीच संपलेली नाही, असं त्यांनी धरलं. भाग एकेक करून बदलत गेले, पण ती सतत एक गाडी म्हणून नांदत राहिली आणि तिचा माग कुठेही तुटला नाही. मोडून पडलेल्या गाडीची पाटी उचलून दुसऱ्या सांगाड्यावर ठोकली असती, तर निकाल वेगळा लागला असता.

मला हा निकाल पटतो, आणि विकणाऱ्याने त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. क्लच प्लेट बदलली याची लाज बाळगू नका, बिल दाखवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कुठल्या किलोमीटरला, कुणी बदलला, हे लिहिलेला कागद नव्या रंगापेक्षा भारी ठरतो. जाणकार गिऱ्हाईक ताज्या चकचकीत रंगाला बिचकतंच: आत काय झाकलंय?

झाकलेलं शोधायचं यंत्रही आता खिशात मावतं. रंगाची जाडी मोजणारं हे मीटर पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा एकदम दुप्पट-तिप्पट झाला तर त्या जागी पुन्हा रंग चढला आहे, आणि हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असं समजायचं. लोखंडी पत्र्यावर हे मीटर विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालतं, आणि जालन्याची भट्टीही त्याच तत्त्वावर. तिथे ते तत्त्व गाडीचा इतिहास पुसतं, इथे तेच उघडा पाडतं.

मग चॅसिस नंबर. अलीकडच्या गाड्यांवर तो सतरा अक्षर-अंकांचा असतो, आणि त्यात रोमन आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. आरसीवरचा, बॉडीवर कोरलेला आणि विम्यावरचा नंबर एकच हवा; इंजिन नंबरचंही तसंच. गाडी रीतसर भंगारात काढतानाही हा नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा वेगळा कापून काढतात. बाकीचं सगळं भट्टीत जातं आणि तेवढा तुकडा हिशेबाला राहतो.

किलोमीटरचा काटा मागे फिरवलाय का, हे पायाला विचारायचं. साठ हजार किलोमीटर सांगितले आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर काहीतरी जुळत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ०८१९ म्हणजे २०१९चा आठवा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नवेकोरे दिसतात आणि तरी वयाने म्हातारे निघतात.

जपणुकीच्या बाबतीत मराठवाड्यावर निसर्गाने एक उपकार केलाय, ज्याची इथे फारशी कुणी दखल घेत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि त्यात समुद्राचं मीठ असेल तर विचारूच नका. रत्नागिरीत किंवा मुंबईत वीस वर्षं काढलेल्या गाडीचा तळ आणि बदनापूरच्या शेडमध्ये ठेवलेल्या गाडीचा तळ, दोन्ही लिफ्टवर घेऊन पाहिलं की फरक कळतो. दुष्काळी हवा पत्र्याला मानवते. उन्हाळा मात्र डॅशबोर्ड, दारांची रबरं आणि चामडं खाऊन टाकतो. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी शोषतं आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या पाइपांना, सीलांना त्रास देतं. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी विकायची असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, मगच ट्रायल द्या.

कायद्याच्या लेखी आपली आरएस ‘व्हिंटेज’ नाही. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला तो मान मिळतो. नोंदणीचे २०,००० रुपये आणि ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर. २००४च्या आरएसला त्यासाठी २०५४ उजाडावं लागेल. तोवर ती फक्त जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५पासून नूतनीकरणाचे १०,००० रुपये, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. पासिंग संपलेली गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक हा सगळा खर्च किमतीतून वजा करून बोलतं. आधी करून घ्या आणि ताठ मानेने भाव सांगा.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि खरोखर घरच्या वापरात असलेली गाडी नफ्यात विकली तरी तो भांडवली नफा धरत नाहीत. धंद्याच्या हिशेबात घसारा लावलेली गाडी असेल तर मात्र सीएला विचारा.

बेंटलीच्या सौद्यात इतिहास विक्रेत्याच्या कामी आला. आपल्याकडच्या एका खटल्यात तोच विक्रेत्याच्या मुळावर उठला. एका माणसाने २००७मध्ये गाडी विकली. ती पुढे दुसऱ्या, तिसऱ्या हाती गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९मध्ये गाडी मागे घेताना अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याने द्यायची. गाडी कधीचीच विकली, ही सबब चालली नाही.

म्हणून सौदा झाला की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून सह्या करा, डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची प्रत घ्या. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवा, ई-चलन भरून टाका. विकल्याची खबर चौदा दिवसांच्या आत आरटीओला देणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. ‘समोरचा करून घेईल’ असं एजंट सांगेल, ऐकू नका. आणि महिन्याभराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहा. तिथे अजून तुमचंच नाव दिसत असेल, तर पैसे खर्च झाले असले तरी गाडी तुमचीच आहे.