चौलचा वेढा : धर्मयुद्ध कसलं?

सोलापुरात इतिहासाच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी ठासून सांगतंच : १५७०-७१ मध्ये दख्खनचे सुलतान धर्मासाठी एक झाले आणि गोवा-चौलच्या पोर्तुगीज फिरंग्यांवर तुटून पडले. वैताग येतो तो यासाठी, की याचं उत्तर गावातच उभं आहे. आपला भुईकोट!

१५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. सोलापूर आंदण मिळणार, असं निजामशहा धरून बसला होता. मिळालं नाही, लढाई जुंपली. पुढे किल्ला निजामशाहीकडे गेला आणि निजामशाहीची लेक चांदबिबी विजापूरची सून झाली तेव्हा तोच आंदण म्हणून आदिलशाहीत परतला. मधल्या काळात दोन्ही दरबारांनी सोयीप्रमाणे विजयनगरच्या रामरायाचीही मदत घेतली. धर्माची एकजूट यात कुठे शोधायची?

१५७० च्या युतीतला तिसरा गडी तर कालिकतचा सामुदिरी, म्हणजे हिंदू राजा. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकायचं नाही, ही दादागिरी त्याला नको होती. अली आदिलशहाला १५१० मध्ये गेलेला गोवा परत हवा होता, मुर्तजा निजामशहाला चौल. भांडण बंदरांचं आणि व्यापाराचं होतं.

मग चौलचा वेढा फसला का? ‘सुलतानांकडे तोफा नव्हत्या’ हे तर साफ खोटं. मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतली गेली. पुढे ती आपल्या शेजारच्या परांड्यात होती. चौलच्या तटबंदीवरही निजामशाही तोफांनी भरपूर मारा केला. अडचण समुद्राची होती. जमिनीकडून कोंडी पक्की, पण पाण्याची वाट मोकळी. तिथून माणसं आणि रसद येत राहिली. शिवाय अहमदनगरात वाढलेला फिरिश्ता लिहितो की, निजामशाही सरदारांनाच पोर्तुगीजांनी दारूच्या नजराण्यांनी फितवलं. मुसलमान इतिहासकार आपल्याच बाजूचं हे सांगतो, तर विश्वास ठेवायला हरकत नसावी. जुलै १५७१ मध्ये निजामशहाने तह केला, डिसेंबरात आदिलशहाने.

बाकीचे किरकोळ गैरसमज. वेढा पडला तो पोर्तुगीज चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला. चांदबिबीने गाजवलेला वेढा हा नव्हे. तो अहमदनगरचा, १५९५-९६ चा, मुघलांविरुद्धचा. आणि चौल पोर्तुगीजांकडून सुटलं ते १७४० मध्ये, मराठ्यांशी झालेल्या तहाने.