तारुण्यपीटिका : औषध की ‘पील’?

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर चार मुरमे उमटली, तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. ती येतात आणि जातात. परंतु काहींच्या गालांवर, हनुवटीवर, पाठीवर दुखऱ्या गाठी उठतात आणि बऱ्या होतानाही मागे खड्डे ठेवून जातात. प्रश्नाचे उत्तर येत असूनही केवळ तोंड दिसू नये म्हणून मान खाली घालून बसणारी मुले आम्हा शिक्षकांना नवी नाहीत. अशा वेळी आईबापांपुढे पेच पडतो : पोटात औषध द्यावे, की जाहिरातींतून दिसणारा ‘पील’ करून घ्यावा?

प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहू. केसाच्या मुळालगत तैलग्रंथी असते. वयात येताना तिच्यातून अधिक तेल पाझरू लागते. मृत पेशींचा बोळा रंध्राच्या तोंडाशी बसला, की तेल आत कोंडते. तेथे एरवीही राहणारे जंतू वाढतात आणि दाह सुरू होतो. रंध्राची भिंत फुटली म्हणजे हा दाह खालच्या थरात पसरतो. गाठ होते ती तेथे, आणि वणाचे मूळही तेथेच.

पील म्हणजे सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्लाचे द्रावण ठरावीक मिनिटे लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणे. त्याने रंध्रांची तोंडे मोकळी होतात, डाग फिकट होतात. पण खोलवरच्या गाठीपर्यंत त्याची मजल जात नाही. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेवर, ती सुजलेली असता, तीव्र आम्ल लावल्यास नवे काळे डाग पडण्याचा संभव असतो.

औषधे मात्र मुळाशी जातात. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही महिने देतात, त्यांच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम असते. गाठी व वण पडू लागले असतील, तर आयसोट्रेटिनॉइन हे औषध देतात. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यता मिळाली. ते तैलग्रंथीच आकसवते. रुग्णाच्या वजनानुसार मात्रा ठरते आणि उपचार बहुधा ५–६ महिने चालतो. ओठ कोरडे पडतात. यकृत व रक्तातील चरबी तपासावी लागते. मन उदास झाले तर डॉक्टरांना लगेच सांगावे लागते.

सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की गर्भावस्थेत हे औषध पोटात गेल्यास बालकात भयंकर व्यंगे उद्भवू शकतात. म्हणून स्त्रियांनी आधी गर्भचाचणी करावी आणि औषध चालू असताना व थांबल्यावर निदान १ महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत घरात हा विषय संकोचाने टाळला जातो. पण येथे संकोच हाच घात करतो.

तेव्हा प्रश्न निवडीचा नसून क्रमाचा आहे. घराला आग लागली असता भिंतींना रंग देण्यास कोणी बसत नाही. आधी औषधाने दाह शमवावा; मग उरलेल्या डागांसाठी पील करावा का व केव्हा, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम तर चेहऱ्याला लावूच नये. त्यानेही मुरमे उठतात. आणि ‘वय सरले की जाईल’ म्हणून गाठींकडे दुर्लक्ष करू नये. वय सरते, खड्डे राहतात.