यकृताचा रखवालदार आणि त्याची परीक्षा

घरात कोणाला कावीळ झाली की औषध सांगणारे दहा जण भेटतात. कोणी पाल्याचा रस सुचवितो, कोणी अमक्या गावच्या माणसाकडे पाठवितो. काही आठवड्यांत रोगी बरा होतो आणि औषधाची ख्याती वाढते. परंतु दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत आपोआपच उतरते. मग गुण औषधाचा की निसर्गाचा? नुसत्या अनुभवाने हा प्रश्न सुटत नाही. अन्नातील एखादे द्रव्य यकृताला विषापासून वाचविते असे कोणी म्हटले, तर त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

पॅरासिटामॉल आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ठरल्या मात्रेत ते सहसा निर्धोक असते; पण फार मोठी मात्रा पोटात गेली तर यकृताच्या पेशी मरतात, असे १९६६ साली ब्रिटनमध्ये दिसून आले. याचे कारण अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली उलगडले. पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतातच एका जहाल पदार्थात पालटतो. यकृतातील ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला धरून निकामी करते. हा साठा संपत आला, की तोच पदार्थ पेशींवर तुटून पडतो. ग्लुटाथायोनचा एक घटक म्हणजे सिस्टीन. अंडी, डाळी, दूध यांतील प्रथिनांतून मिळणारे अमिनो आम्ल. तेव्हा सिस्टीन दिले तर यकृत वाचेल काय?

अशा परीक्षेत उंदरांचे निदान चार गट करावे लागतात. एकाला काहीच द्यावयाचे नाही, दुसऱ्याला केवळ विष, तिसऱ्याला केवळ ते द्रव्य आणि चौथ्याला दोन्ही. तिसरा गट कशाला, असे कोणी विचारील. रखवालदारच चोर निघाला तर कळावे म्हणून! मग रक्त तपासावयाचे, कारण मेलेल्या पेशींतून काही विकरे रक्तात उतरतात. आणि यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. काप कोणत्या गटाचा हे पाहणाऱ्याला सांगावयाचे नाही. नाहीतर डोळा मनाला हवे तेच पाहतो.

सिस्टीन आधी दिलेले उंदीर बचावले. परंतु येथेच एक फसगत संभवते. जहाल पदार्थ तयार करणारी विकरे रोखणारे निराळेच द्रव्य दिले, तेव्हाही उंदरांचे यकृत वाचले! त्या द्रव्याने यकृताला बळ दिले नव्हते. विषच तयार होऊ दिले नव्हते. चोर घरात शिरल्यावर असल्या द्रव्याचा उपयोग काय? विषाच्या आधी दिलेले औषध आणि नंतर दिलेले औषध यांत महदंतर आहे. आणि रोगी तर नेहमी नंतरच येतो.

म्हणून खरी कसोटी रुग्णालयात लागली. एडिंबरा येथे डॉ. लॉरी प्रेस्कॉट व त्यांचे सहकारी यांनी सिस्टीनचेच एक रूप, अॅसिटिलसिस्टीन, रोग्यांना शिरेतून दिले. १९७९ साली त्यांनी १०० रोग्यांचा वृत्तांत छापला. दहा तासांच्या आत उपचार झालेल्या ६२ जणांपैकी एकाच्याच यकृताला गंभीर इजा झाली. दहा ते चोवीस तासांनी उपचार झालेल्या ३८ पैकी २० जणांना ती झाली. पूर्वीच्या ज्या ५७ रोग्यांना हे औषध मिळाले नव्हते, त्यांपैकी ३३ जणांना झाली होती. औषध तेच, फरक वेळेचा. आजही या विषबाधेवर हेच मुख्य औषध आहे.

यातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. अशी मात्रा कोणी घेतली तर पहिल्या दिवशी तो ठणठणीत दिसेल; तरीही घरगुती उपायात वेळ न दवडता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. आणि ‘यकृताचे रक्षण करणारे’ असे लिहिलेली बाटली कोणी पुढे केली, तर विचारावे: कोणत्या विषापासून? किती मात्रेने? विषाच्या आधी की नंतर? आणि ज्यांना ते दिले नाही, त्यांचे काय झाले? उत्तरे मिळाली तर औषध. न मिळाली तर नुसती बाटली.