विश्लेषण : अमेरिकेच्या समान संधी कायद्यात ‘जात’ का नाही?

अमेरिकेत नोकरीतील भेदभावाविरुद्ध दाद मागायची तर मुख्य आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील ‘टायटल सेव्हन’ या प्रकरणाचा. त्यात पाच कारणे आहेत : वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश. पुण्या-मुंबईहून तिथे नोकरीला गेलेल्यांनाही, नागरिकत्व नसले तरी, हे संरक्षण मिळते. पण जातीवरून डावलले गेले तर?

त्याआधी कायदे नव्हते का?

होते. १८६६ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने पहिला नागरी हक्क कायदा केला. १८७५ च्या कायद्याने खाणावळी, नाट्यगृहे, प्रवासी वाहने कृष्णवर्णीयांना खुली केली. सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. चौदावी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. म्हणून १९६४ चा कायदा मुख्यतः आंतरराज्य व्यापाराच्या नियमनाच्या अधिकारावर उभा केला गेला. माणुसकीच्या हक्काला व्यापाराच्या कलमाचा टेकू! पण तो टिकला. अटलांटातील एका मोटेलचे आव्हान न्यायालयाने त्याच डिसेंबरमध्ये फेटाळले.

‘लिंग’ हा शब्द कसा आला?

विधेयकाच्या कट्टर विरोधकाकडून. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी ८ फेब्रुवारी १९६४ रोजी तशी दुरुस्ती मांडली, तेव्हा प्रतिनिधीगृहात हशा पिकला. विधेयक बुडवण्याचा हा डाव होता का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. मार्था ग्रिफिथ्स आदी महिला सदस्यांनी मात्र दुरुस्ती उचलून धरली आणि ती १६८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाली. याच एका शब्दाच्या आधारे २०२० मध्ये समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळाले. यादीत शब्द असणे का महत्त्वाचे, ते इथे कळते.

अंमलबजावणी कशी झाली?

सुरुवातीला रडतखडत. समान रोजगार संधी आयोगाला १९७२ पर्यंत कंपन्यांवर खटला भरण्याचा अधिकारच नव्हता. समेट घडवणे एवढेच त्याच्या हाती होते. पळवाटाही लगेच निघाल्या. २ जुलै १९६५ रोजी ‘टायटल सेव्हन’ लागू झाले, त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक पॉवर कंपनीने चांगल्या विभागांतील भरतीसाठी लेखी चाचण्या सुरू केल्या. कृष्णवर्णीय कामगार न्यायालयात गेले. हेतू काहीही असो, कामाशी संबंध नसलेली अट एखाद्या गटाला बाहेर ठेवत असेल तर ती बेकायदा, असा निकाल १९७१ मध्ये लागला.

जातीचे काय?

सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाचे तसे विधेयक गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठवले. सध्याच्या कायद्यांत हे संरक्षण आहेच, असे त्यांचे म्हणणे. संघीय कायद्यात मात्र तो शब्द नसल्याने तक्रारदाराला जात ही वंश, धर्म किंवा मूळ देश यांपैकी कशात तरी बसवावी लागते. साहेब आणि हाताखालचा अभियंता एकाच देशाचे, एकाच धर्माचे असतील, तर हे बसवणे किती कठीण, ते वेगळे सांगायला नको.

शिवाय १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कंपनीला ‘टायटल सेव्हन’ लागू नाही. आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, अनेक राज्यांत ३००. तक्रारीचा सूड घेण्यास कायद्याने मनाई आहे. पण एच-वन-बी व्हिसावरील कर्मचाऱ्याची नोकरी गेलीच, तर दुसरी शोधायला त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात.