आपल्याला काय कळतंय?



पगाराचा तक्ता पुढे ठेवून "प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा जरा ताडून पाहा" असे म्हटले, की कामगार हमखास म्हणतो, "दादा, आपल्याला काय कळतंय त्यातलं?" आम्ही संघटनेच्या कामात हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. बोलणारा गडी यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कोणते बेअरिंग गेले ते सांगतो, भिशीचा हिशेब तोंडी करतो. मग हे न कळणे आले कोठून?

त्यातला एक वाटा दुसऱ्यांनी लादलेला असतो. 1871 च्या कायद्याने सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या पोराच्या कपाळीही तोच शिक्का! तो कायदा 1952 साली रद्द झाला. परंतु कायदा कागदावरून गेला म्हणून मनातून लगेच जात नाही.

दुसरा वाटा मात्र आपला स्वतःचा. "मला कळत नाही" म्हटले की जबाबदारी टळते, चुकण्याची भीती टळते, आणि वर नम्रपणाचा मानही मिळतो. हीच आत्मवंचना. ती सोयीची असते, म्हणूनच टिकते.

यावर उपाय कोणता? "मी हुशार आहे" असे रोज सकाळी घोकणे हा नव्हे. ती नवी फसवणूक झाली. मनाला पुरावा लागतो, आणि पुरावा कामातून मिळतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली. "शिक्षण हे आपले काम नव्हे" असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली मुले तेथे जातपात सोडून एका पंगतीत जेवली, अंगमेहनत करून शिकली. आपल्या घामावर शिकलेल्या मुलाला "तुझ्याने होणार नाही" हे कोण पटवणार?

दुसरा दाखला औंध संस्थानचा. 1939 साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर वसवले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंतीविना ठेवून शेती करायला दिली. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. आपण म्हणतो, आधी लायक हो, मग विश्वास टाकू. तेथे क्रम उलटा होता. विश्वास आधी टाकला, लायकी कामातून आली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. स्वतःविषयीचे असे एखादे वाक्य कागदावर लिहा आणि खाली तीन प्रश्न मांडा. हे मला प्रथम कोणी सांगितले? मी ते शेवटचे कधी पारखून पाहिले? ते खरे मानण्यात माझी आणि इतरांची कोणती सोय आहे? मग एक लहान काम हाती घ्या. सबंध तक्ता नको, एकच रकाना तपासा. चुकलात तर शेजाऱ्याला विचारा. चूक कोठे झाली हे कळणे म्हणजेही कळणेच आहे.

मात्र एक इशारा. तुटपुंजा पगार हा काही मनाचा भ्रम नव्हे. "विचार बदला, दारिद्र्य जाईल" असे सांगणारा तुम्हाला फसवतो आहे. विचार बदलल्याने पगार वाढत नाही. पण तो मागायला माणूस उभा राहतो. आणि आपला हिशेब आपल्याला कळत नाही, या समजुतीवर ज्याचा फायदा चालतो, तो ही समजूत आपण होऊन कधीच दूर करणार नाही. ते काम आपले आपणच केले पाहिजे.