एका संगणकातील अनेक यंत्रे आणि त्यांना जोडणारा पूल

लिनक्सवर चालणाऱ्या एका साध्या संगणकाच्या पोटात आणखी दोन-तीन संगणक चालविता येतात, हे संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना ठाऊक असते. पालकांना मात्र त्याचे नवल वाटते. या पोटातल्या संगणकाला आभासी यंत्र म्हणजेच व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्याला सांभाळणारा तो यजमान. लिनक्सच्या गाभ्यात त्यासाठी केव्हीएम ही सोय २००७ सालापासून आहे व तिला पैसे पडत नाहीत. ज्या घरात एकच संगणक घेण्याची ऐपत आहे, तेथील विद्यार्थ्यालाही सर्व्हर बसविण्याचा सराव करता येतो तो यामुळेच. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

यंत्र सुरू होते, त्यात इंटरनेटही चालते. पण शेजारच्या टेबलावरील संगणकावरून त्याला हाक मारली तर उत्तर येत नाही. बहुतेक विद्यार्थी येथेच अडतात.

याचे कारण मुळातल्या जोडणीत आहे. आभासी यंत्रांची व्यवस्था पाहणारी लिबव्हर्ट ही प्रणाली, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, यंत्राला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा एक खासगी पत्ता देते आणि बाहेरचे सगळे दळणवळण यजमानाच्या नावावर करते. पोटभाडेकरूचे पत्र ‘अमुक यांच्या मार्फत’ येते, तसाच हा प्रकार. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हाला त्यात आवक-जावक नोंदवही दिसते. आतून गेलेल्या प्रत्येक मागणीची यजमान नोंद ठेवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते आत पोचवितो. बाहेरून कोणी आपणहून आले तर नोंदच नसते, आणि नोंद नसलेला कागद कोणत्या टेबलाकडे पाठवायचा? या पद्धतीला नॅट म्हणतात. नुसते इंटरनेट हवे असेल तर ती उत्तम आहे; तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

यंत्राला स्वतःची पाटी हवी असेल तर ब्रिज लागतो. ब्रिज म्हणजे पूल. परंतु नदीवरचा पूल डोळ्यांपुढे आणू नये. कार्यालयातील सगळ्या तारा जिच्यात येऊन खोचलेल्या असतात, ती स्विचची पेटी आणावी. लिनक्समधील ब्रिज ही तीच पेटी, फक्त सॉफ्टवेअरची. तिच्या एका दारात यजमानाचे खरे नेटवर्क कार्ड जोडायचे आणि दुसऱ्या दारात आभासी यंत्राकडून आलेली ‘टॅप’ नावाची आभासी तार. प्रत्येक कार्डाला एक मॅक पत्ता असतो. केव्हीएमच्या यंत्रांचा बहुधा ५२:५४:०० ने सुरू होतो. ब्रिज दर संदेशावरील पाठविणाऱ्याचा मॅक पत्ता वाचतो आणि हा गृहस्थ कोणत्या दारामागे राहतो ते लक्षात ठेवतो. ज्याचे दार माहीत नाही त्याचा संदेश तो बाकीच्या सगळ्या दारांत देतो. वाडीत नवा पोस्टमन विचारत फिरतो तसे. पाच मिनिटे कोणाची हालचाल दिसली नाही, तर तो त्याला विसरतोही. आभासी यंत्र पत्ता मागते तेव्हा ती मागणी ब्रिजवरून थेट राऊटरपर्यंत जाते व राऊटर त्याला इतर संगणकांप्रमाणेच स्वतंत्र पत्ता देतो. शेजारच्या टेबलाला मग ते यंत्र खऱ्या संगणकापेक्षा वेगळे दिसत नाही.

आता घोटाळ्याची जागा. खरे कार्ड ब्रिजमध्ये घातले की ते केवळ एक दार उरते. म्हणून यजमानाचा स्वतःचा आयपी पत्ता कार्डावरून काढून ब्रिजला द्यावा लागतो. तो कार्डावरच राहिला तर यजमानाचेही बोलणे बंद पडते, आणि विद्यार्थी कार्ड बिघडले असे समजून दुकानात जातो. आधी ब्रिज तयार करावा, मग कार्ड त्यात घालावे, कार्डावरील पत्ता काढून ब्रिजला द्यावा, आणि राऊटरकडे जाण्याची वाट नव्याने सांगावी. हे काम संगणकासमोर बसूनच करावे. दुरून एसएसएचने करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणे होय. संबंध मध्येच तुटतो आणि उरलेले आदेश द्यायला कोणी उरत नाही. ‘आयपी’ या आदेशाने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होतात. शिकताना ही सोयच आहे; सगळे जमल्यावर मग ते कायमचे लिहून ठेवावेत. जुन्या पुस्तकांत ‘बीआरसीटीएल’ असा आदेश आढळेल, त्याचे काम आता ‘आयपी’ व ‘ब्रिज’ हे आदेश करतात.

लॅपटॉपवाल्या विद्यार्थ्यांची मात्र निराशा होईल. वायफायवर हा उपाय सहसा चालत नाही. वायफायचे केंद्र ज्या मॅक पत्त्याने नाव नोंदविले त्याचेच संदेश स्वीकारते. त्याच्यामागून दुसऱ्याच मॅक पत्त्याचा पाहुणा बोलू लागला तर ते ऐकत नाही. तार घ्यावी, नाहीतर नॅटवरच राहावे. तसेच त्याच संगणकावर डॉकर बसविले असेल तर सर्व काही बरोबर असूनही पाहुणा मुका राहण्याची शक्यता असते, कारण ब्रिजवरचे संदेशही मग फायरवॉलच्या नियमांत सापडतात. तास-दोन तास डोके खाजविण्याआधी हे पाहून घ्यावे.

पाटी लागली की दारही उघडे झाले. आता नेटवर्कमधील कोणीही त्या यंत्राला हाक मारू शकतो, तेव्हा सरावापुरता ठेवलेला सोपा पासवर्ड ब्रिज जोडण्याआधी बदलावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तर प्रमुखांना विचारूनच हात घालावा. तेथील स्विचवर एका दारामागे एकच मॅक पत्ता अशी अट घातलेली असू शकते, आणि दुसरा पत्ता दिसताच ते दार बंद होते.