आसन : गादीपलीकडचे

मोटारीचे आसन म्हटले की आपल्याला गादीचा मऊपणा आठवतो. आसनाचे खरे काम मात्र अपघाताच्या क्षणी सुरू होते, आणि तेथे नुसता मऊपणा उपयोगाचा नसतो.

१९१७ साली वैमानिकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या ह्यू डी-हेवन या तरुणाच्या विमानाची हवेतच टक्कर झाली. तो वाचला, परंतु पोटातील अवयवांना गंभीर इजा झाली. ती सुरक्षापट्ट्याच्या बकलाने झाली असावी, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास करून त्याने १९४२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. (आम्ही इतिहासवाले मृतांच्या नोंदी जपतो, वाचलेल्यांना 'कसे वाचलात?' असे क्वचितच विचारतो.) मनुष्यदेह पुष्कळ मोठा आघात सोसू शकतो, मात्र तो आघात शरीरभर विभागला गेला पाहिजे आणि थांबण्यास काही अंतर मिळाले पाहिजे, असे त्याला आढळले.

हे अंतर म्हणजेच सर्व काही. ताशी ५० किलोमीटर वेगातील देह ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २०० पट बल पडते. ५० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सुमारे २० पट. म्हणून आसनाने थोडे मागे सरावे, वाकावे, पण उसळू नये. स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते. वाकून तसाच राहिलेला धातू ती परत करीत नाही.

मागून धडक बसते तेव्हा आसन पाठीला पुढे ढकलते, डोके जडत्वामुळे जागीच राहते आणि मान मध्ये पिळवटते. १९९८ मध्ये व्होल्वो कंपनीने आणलेल्या रचनेत आसनाची पाठ प्रथम प्रवाशासह मागे सरकते, मग कलते; तेवढ्यात डोक्याला हेडरेस्टचा आधार मिळतो. आपल्या संमेलनास येणाऱ्या कित्येक मोटारींत हे हेडरेस्ट पार तळाशी दाबलेले आम्ही पाहतो. ते डुलकी घेण्यासाठी नसते! त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत आणि ते डोक्यालगत असावे. मानेशी टेकलेले हेडरेस्ट डोक्याला मागे झुकण्यापासून रोखू शकत नाही.

व्होल्वोच्या रचनेतील धातूचा भाग धडकेत कायमचा वाकतो. बाहेरून आसन धड दिसले तरी तो भाग बदलावाच लागतो. दुसऱ्या धडकेसाठी त्यात वाकणे शिल्लक नसते.